एप्रिलपासून ट्रॅप कॅमेऱ्यात प्राणी एकदम कमी झालेत, नेमकं काय होत असेल? (दोडामार्ग, काजूची बाग)

काजूरान (दोडामार्ग)

नमस्कार मंडळी. आमची काजूची बाग आहे तिलारीच्या बाजूला, वरच्या अंगाला गडगा (दगडी कुंपण) आणि गडग्यापलीकडे सरळ जंगलच. गडगा एका ठिकाणी ढासळलाय आणि तिथून जनावरांची जुनी वाट आहे, ती खाली व्हाळावर (ओढ्यावर) उतरते. दिवाळीनंतर त्या वाटेवर एक ट्रॅप कॅमेरा (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा) लावलाय. जमीन आमचीच आहे त्यामुळे परवानगीचा प्रश्न नाही. डिसेंबर-जानेवारीत जे मिळालं ते बघून घरातले सगळे हरखले, भेकर जवळजवळ रोज, गव्यांचा छोटा कळप, साळिंदर, कांडेचोर (उदमांजर), रानकोंबडे तर विचारू नका, आणि एकदा बिबट्याची मादी मागे पिल्लांना घेऊन. आई म्हणाली लग्न होऊन आल्यापासून या बागेत राबतेय पण रात्री इथे एवढी वर्दळ असते हे आज कळलं.

आता प्रश्न. मार्चपासून फोटो कमी व्हायला लागले आणि एप्रिलमध्ये भेकर जवळपास गायब, गवे तर नाहीतच. आणि गंमत म्हणजे कार्ड मात्र पहिल्यापेक्षा लवकर भरतंय, कारण शेकडो रिकामे फोटो, नुसती पानं आणि ऊन. गावात तीन मतं आहेत. एक, शिकार वाढली. दोन, वाघ फिरतोय म्हणून बाकीची जनावरं सरकली. तीन, कॅमेऱ्याचा रात्रीचा लाल दिवा जनावरांनी ओळखला आणि त्यांनी वाट बदलली (कॅमेऱ्याचा रात्रीचा इन्फ्रारेड उजेड 850 नॅनोमीटरवाला आहे, समोरून बघितलं तर रात्री बारीक लाल ठिपके दिसतात).

कॅमेरा खाली व्हाळाच्या कोंडीवर (डोहावर) हलवू का? आणि पावसाळ्यात तो झाडावर ठेवायचा की काढून घरात आणायचा? दोन वर्षं तरी एका जागेची नोंद ठेवायची इच्छा आहे, नुसते फोटो काढून ग्रुपवर टाकायचे नाहीयेत, म्हणून नीट विचारतोय.

रानवाट (कोल्हापूर)

दादा, कॅमेरा हलवायच्या आधी एक काम करा. मार्च-एप्रिलच्या फोटोंमध्ये माणसं शोधा. तुम्ही, तुमचे गडी, काजू वेचायला येणाऱ्या बायका, कोण कधी त्या वाटेने गेलं हे तुम्हाला साधारण माहीत असणार. दुपारी माणूस गेला आणि फोटोच नाही असं होतंय का बघा. होत असेल तर भेकर गेलेलं नाही, कॅमेऱ्याला ते दिसतच नाहीये.

कारण असं की हा कॅमेरा डोळ्याने बघून फोटो काढत नाही. पुढे जो दुधी रंगाचा फुगीर भाग असतो त्याच्यामागे उष्णता टिपणारा सेन्सर आहे, पीआयआर म्हणतात. मागची जमीन-झाडं आणि समोरून जाणारं जनावर यांच्या उष्णतेत फरक असला आणि तो फरक हलला की ट्रिगर होतो. जानेवारीच्या पहाटे जमीन गार आणि भेकराचं अंग गरम, फरक भरपूर, लांबूनसुद्धा पकडतो. एप्रिलच्या दुपारी तुमच्याकडचा जांभा इतका तापतो की दगड आणि जनावर यांच्यात सेन्सरच्या दृष्टीने फारसा फरकच उरत नाही, मग तेच भेकर समोरून गेलं तरी हा गप्प. आणि तापलेल्या कातळावर पानांची सावली हलली, वाऱ्याने गरम झालेली फांदी हलली की तो फरक मात्र त्याला दिसतो, म्हणून रिकामे फोटो. म्हणजे तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. फोटोच्या खालच्या पट्टीत तापमान येतं ना, रिकामे फोटो किती तापमानाला आलेत ते बघा, बहुतेक सगळे दुपारचे असतील. (ते तापमान डब्याचं असतं, हवेचं नाही, डब्यावर ऊन पडत असेल तर आकडा बराच वर जातो, तेवढं लक्षात ठेवा.)

मग वेळेप्रमाणे वेगळं काढा. दिवसाचे फोटो कमी झाले आणि रात्रीचे तसेच आहेत, तर सेन्सर किंवा माणसांची वर्दळ. रात्रीचेही कमी झाले तर खरंच जनावर दुसरीकडे गेलंय. रात्री जमीन गार झाली की सेन्सर परत नीट चालतो. हे प्रत्येक प्राण्याचं वेगळं काढा, सगळे मिळून नको, कारण साळिंदर आणि रानकोंबडा यांची बेरीज करून काहीच कळत नाही.

जागेबद्दल. कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेला करा, पूर्व-पश्चिम नको, नाहीतर सकाळ-संध्याकाळ सूर्य थेट लेन्समध्ये. वाटेपासून साधारण तीन-चार मीटर, उंची गुडघ्याएवढी. समोरचं गवत आणि लोंबणाऱ्या डहाळ्या काढा पण कोयता घेऊन अख्खी जागा साफ करू नका, जनावरांची आडोशाची सवय मोडते. मागे पार्श्वभूमीला शक्यतो सावलीतला भाग येऊ द्या, उघडा कातळ नको. लाल ठिपक्यांचं म्हणाल तर काही जनावरं बघतात, थबकतात, बिबट्या जवळ येऊन हुंगतो पण, पण नुसत्या त्यानेच भेकरं महिनाभर वाट सोडतील असं मला वाटत नाही. 940 वाले कॅमेरे येतात ज्यांचा उजेड दिसत नाही, पण त्यांचा रात्रीचा पल्ला कमी पडतो.

वाघाच्या मताबद्दल. वाघ असणं अशक्य मुळीच नाही, तिलारीचा भाग 2020 मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला त्यामागे तेही एक कारण होतं, आणि शेजारी गोव्यात म्हादईच्या जंगलात वाघ आहेतच (जानेवारी 2020 मध्ये सत्तरीत चार वाघ विषाने मारले गेले ती जखम अजून ताजी आहे). सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात 2023 च्या डिसेंबरात जो वाघ कॅमेऱ्यात आला त्याचे पट्टे आधी राधानगरीत टिपलेल्या वाघाशी जुळले, तेव्हा कळलं की तो एवढं अंतर सह्याद्रीच्या कण्यावरून चालत वर गेलाय. हे कॅमेऱ्यामुळेच कळू शकलं. पण तुमच्याकडे पट्टे असलेला एक तरी फोटो किंवा ठसा मिळेपर्यंत भेकर वाघामुळे गेलं असं लिहू नका. अंदाजाने लिहिलेलं एकदा वहीत गेलं की पुढच्या वर्षी तेच खरं वाटायला लागतं.

काजूरान (दोडामार्ग)

रानवाट, खूप आभार. काल रात्री बसून सगळं वेळेप्रमाणे लावलं, आणि चित्र एकदम स्पष्ट झालं. दुपारी अकरा ते चारच्या मध्ये माणसांचेसुद्धा फोटो तुरळक, आणि आमचा गडी तर रोज दुपारी त्याच वाटेने जेवायला येतो! साळिंदर आणि कांडेचोर रात्री होते तसेच आहेत. भेकर थंडीत सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी यायचं, आता आलंच तर मध्यरात्रीनंतर. गवे मात्र दिवसा नाहीत आणि रात्रीही नाहीत.

म्हणजे भेकराचं काजूच्या हंगामामुळे असेल का? फेब्रुवारीपासून बागेत दिवसभर माणसं, कुत्री, गडबड.

व्हाळकरीण (चिपळूण)

हो, मला तर तेच वाटतंय. काजू वेचायला माणूस सकाळी उजाडताच शिरतो, भेकराची नेमकी तीच वेळ, मग ते बिचारं आपली वेळ बदलतं. आमच्याकडे आंब्याच्या काढणीत हेच होतं. हंगाम संपल्यावर किती दिवसांत ते परत सकाळचं यायला लागतं ते नक्की टिपून ठेवा, मला स्वतःला ते वाचायला फार आवडेल, कारण बागायतीच्या कामाचा जनावरांच्या वेळेवर काय परिणाम होतो हे कोकणात कोणी बागवाल्यानेच नोंदवायचं, बाहेरून आलेल्या माणसाला काजूचा हंगाम कधी चालू झाला तेच कळत नाही.

पावसाळ्याबद्दल सांगते, कारण आमच्या देवराईच्या कडेला आम्ही कॅमेरा बाराही महिने ठेवतो. काढून आणू नका. बहुतेक मोठे सर्व्हे कोरड्या दिवसांतच होतात त्यामुळे पावसाळ्यात आपल्या भागात जनावरं नेमकं काय करतात याची माहितीच फार कमी आहे, तुमच्याकडे ती संधी आहे. फक्त तयारी लागते आणि ती मृगाच्या आधी करायची, पाऊस लागल्यावर नाही.

डब्याच्या झाकणाला जी रबरी रिंग असते ती स्वच्छ पुसा, मातीचा एक कण राहिला तरी तिथून पाणी आत जातं. आत सिलिका जेलची पुडी, रंग बदलणारी घ्या म्हणजे कधी बदलायची ते कळतं, तव्यावर मंद गरम केली की परत वापरता येते. कॅमेऱ्याच्या डोक्यावर पत्र्याचं किंवा जाड प्लॅस्टिकचं छोटं इरलं करा, पुढे चार बोटं आलेलं, लेन्सवर थेंब राहिला की महिनाभर सगळे फोटो धुरकट. बुंधा असा निवडा की ज्याच्यावरून पाण्याची धार कॅमेऱ्यामागून वाहत नाही, ते पहिल्या मोठ्या पावसात उभं राहून बघावं लागतं, त्याला पर्याय नाही. उंची थोडी वाढवा कारण जुलैपर्यंत गवत आणि रानहळद कॅमेऱ्याच्या वर जाते. व्हाळाच्या पात्रात किंवा अगदी काठावर अजिबात नको, आपला व्हाळ एका रात्रीत कसा फुगतो ते तुम्हाला सांगायला नको.

बॅटरी. साध्या अल्कलाइन रात्रीच्या फ्लॅशला लवकर मान टाकतात, रात्रीचे फोटो आधी काळे यायला लागतात. लिथियमच्या महाग पडतात पण पावसाळ्यात तिथे सारखं जाणं होत नाही म्हणून त्याच बऱ्या. चार्ज होणाऱ्या वापरायच्या तर आधी तुमचा कॅमेरा 1.2 व्होल्टवर नीट चालतो का ते पुस्तिकेत बघा. व्हिडिओ मोड पावसाळ्यात बंद ठेवा, बॅटरी आणि कार्ड दोन्ही खातो.

आणि मुंग्या! याबद्दल कोणी सांगत नाही. डब्याच्या मागच्या खाचेत, स्पीकरच्या भोकात मुंग्या अंडी घेऊन मुक्कामाला येतात, पट्ट्याला वाळवी लागते, पट्टा कुजून कॅमेरा खाली पडतो. न वापरातली भोकं टेपने बंद करा, कापडी पट्ट्याऐवजी तार गुंडाळलेली केबल वापरा, पण झाडाला आवळून ठेवू नका, दर वर्षी सैल करा. कोळी लेन्ससमोर जाळं करतो आणि रात्री फ्लॅशचा उजेड त्या धाग्यांवरून परत येऊन सगळा फोटो पांढरा होतो, गेलात की हातासरशी पुसायचं. वास येणारी औषधं फवारू नका मात्र, जनावर वासानेच वाट बदलतं.

आता पावसाळ्यात मिळतं काय. पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटतात, खेकडे बाहेर येतात, तेव्हा छोट्या मांसाहारी जनावरांची धांदल बघण्यासारखी असते, जवादी मांजर, मुंगूस, रानमांजर. फणस पिकून पडायला लागले की त्या झाडाखाली रांगच, कांडेचोर, डुकरं, साळिंदर, तुमच्याकडे हत्ती पण. नंतर आषाढ-श्रावणात आमच्याकडे फोटो एकदम कमी होतात, आणि याचं उत्तर परत रानवाट म्हणाले तसंच दोन्हीकडे आहे. पाणी सगळीकडे, चारा सगळीकडे, त्यामुळे जनावराला ठरावीक वाटेची गरज उरत नाही, ते पांगतं. आणि कॅमेऱ्यासमोर धुकं, उंच गवत, भिजलेलं अंग. भिजलेल्या केसाळ जनावराच्या अंगाची वरची उष्णता कमी दिसते, पाणमांजर पाण्यातून नुकतं वर आलं की सेन्सर त्याला बरेचदा पकडतच नाही. हस्ताचा पाऊस गेला, भात कापणीला आलं की परत हळूहळू वाटा धरतात.

अजून एक, बेडूक, साप, घोरपड यांची अपेक्षा या सेन्सरकडून ठेवू नका, त्यांचं अंग साधारण आजूबाजूच्या हवेएवढंच गरम असतं. त्यांच्यासाठी टाइमलॅप्स मोड असतो, ठरावीक वेळाने आपोआप फोटो. घोरपडीच्या बिळासमोर किंवा साचलेल्या डबक्यावर तो लावून बघा कधी.

मोहफूल (चंद्रपूर)

वाचतोय, मजा येतेय. आमच्याकडचं वेगळं आहे म्हणून लिहितो. गवे रात्रीही नाहीत म्हणताय तर ते पाण्यामागे गेले असतील हे जवळपास नक्की. तुमचा व्हाळ एप्रिलमध्ये आटतो का, की कुठे कोंडीत पाणी राहतं? विदर्भात मार्च लागला की सगळं चित्र पाणवठ्याभोवती फिरतं, छोटे नाले आटतात आणि जे चार पाणवठे उरतात तिथे सगळेच येतात, म्हणूनच बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजायची पद्धत पडली, चांदणं भरपूर आणि पाणी कमी.

पण पाणवठ्यावर कॅमेरा लावणाऱ्याने एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवावी की फोटोंची संख्या म्हणजे प्राण्यांची संख्या नाही. एकच सांबर रात्रीत तीनदा येतं, रानडुकरं चिखलात तासभर लोळतात आणि कॅमेरा आपला काढतोच आहे. साधारण रीत अशी की एकाच जातीचे अर्ध्या तासाच्या आतले फोटो एक भेट म्हणून धरायचे. आणि मेमध्ये पाणवठ्यावर जे दिसतं त्याची जानेवारीतल्या वाटेवरच्या फोटोंशी तुलना करायची नाही, जागाच वेगळी. तुम्हाला दोन वर्षं नोंद ठेवायचीय ना, मग वाटेवरचा कॅमेरा हलवूच नका, फोटो कमी येवोत नाहीतर न येवोत. न आलेले फोटो पण नोंदच आहे. जमलं तर कोंडीसाठी दुसरा घ्या.

वाघांचं मोजता येतं कारण पट्टे प्रत्येकाचे वेगळे, आणि डाव्या-उजव्या अंगाचे पण वेगळे, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूला समोरासमोर कॅमेरे लावतात, फ्लॅश एकमेकांत मिसळू नये म्हणून थोडे पुढे-मागे. 2018 च्या देशभरच्या गणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे होते आणि साडेतीन कोटींच्या आसपास फोटो निघाले, त्यात वाघाचे 76,651. म्हणजे हजार फोटोंमागे दोन-अडीच. त्यामुळे रिकाम्या फोटोंनी जीव कासावीस करून घेऊ नका, ते सगळ्यांनाच येतात, फक्त त्यांच्याकडे छाटायला माणसं आणि सॉफ्टवेअर असतं. तुम्ही पण मेगाडिटेक्टर नावाचं फुकट मॉडेल वापरू शकता, ते जात ओळखत नाही, फोटोत प्राणी आहे, माणूस आहे की गाडी आहे एवढंच सांगतं, पण रिकामे बाजूला काढायला तेवढं पुरतं. घरात कोणी कॉम्प्युटर शिकणारं असेल त्याला बसवा.

बिबट्याच्या अंगावरची फुलं पण प्रत्येकाची वेगळी असतात, मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात त्यावरूनच एकेक बिबट्या ओळखून मोजतात. तुमच्या मादीचा कुशीवरचा एक स्वच्छ फोटो डावा आणि एक उजवा असा वेगळा ठेवून द्या. पुढच्या थंडीत आली तर तीच आहे का सांगता येईल. भेकरात, साळिंदरात, कांडेचोरात ही सोय नाही.

काजूरान (दोडामार्ग)

व्हाळ मार्चअखेर आटतो, पण खाली एक कोंड आहे तिथे मेअखेरपर्यंत पाणी असतं. ताई म्हणाल्या तसं हत्तीचं पण आहे, 2002 च्या सुमारास कर्नाटकातून आले तेव्हापासून आमच्या तालुक्याला त्यांची सवय करून घ्यावी लागलीय, आणि फणसाच्या दिवसात कोंडीवर येतातच. हत्ती कॅमेरा उपटून टाकतो म्हणतात, खरं का?

दुसरी अडचण मोठी आहे. त्याच कोंडीवर वाडीतल्या बायका कपडे धुवायला जातात, मुलं डुंबतात. जमिनीचा तो तुकडा पण सामाईक आहे, आमचा एकट्याचा नाही. माझ्या बायकोने सरळ सांगितलंय की तिथे कॅमेरा लावशील तर आधी मलाच पटवून दे.

व्हाळकरीण (चिपळूण)

वहिनींचं शंभर टक्के बरोबर आहे. तिथे लावू नका. माणसांची पाण्याची जागा आहे म्हटल्यावर विषय संपला, कितीही गवे येत असोत. उत्तराखंडात कॉर्बेटच्या परिसरात काय झालं ते वाचून मला फार वाईट वाटलं होतं. प्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांमुळे जंगलात लाकूडफाट्याला जाणाऱ्या बायकांना सतत कोणीतरी बघतंय असं वाटायला लागलं, त्या मोठ्याने बोलायच्या, गाणी म्हणायच्या तेसुद्धा बंद झालं, एका बाईचा फोटो तर लोकांत फिरवला गेला. 2024 मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकाचा यावर अभ्यास आलाय. बायका मोठ्याने बोलत, गात जातात ते जनावराला आधी कळावं म्हणूनही असतं, म्हणजे कॅमेऱ्याने त्यांची सुरक्षितता पण कमी केली. आपण हौसेने लावतो तेव्हा तर जास्तच जपायला हवं.

आमच्याकडे आम्ही वाडीच्या बैठकीत कॅमेरा सगळ्यांना दाखवला, कुठे लावलाय ते सांगितलं, माणसाचा फोटो आला की न उघडता पुसणार हे सांगितलं आणि तसंच करतो. डब्यावर मराठीत कागद चिकटवलाय, कशासाठी आहे ते लिहून. पावसाळ्यात गणपतीला सगळे चाकरमानी येतात तेव्हा देवळात पडदा लावून वर्षातले जनावरांचे फोटो दाखवतो, पोरं आणि म्हातारी माणसं तर उठायलाच तयार नसतात. आता गुराखीच येऊन सांगतात की अमुक ठिकाणी ताजी माती उकरलीय, खवल्या असेल बघा. आमच्याच तालुक्यात डुगवे गावात खवले मांजराचा खवलोत्सव करतात, सह्याद्री निसर्ग मित्रची मंडळी गेली कित्येक वर्षं खवल्याच्या बिळांवर कॅमेरे लावून काम करतायत, तिथे गावच राखण करतं म्हणून ते चाललंय.

पाण्याचं बघायचं असेल तर कोंडीच्या बरंच वर, जिथून जनावर जंगलातून उतरतं पण माणूस जात नाही अशी जागा गुराख्याला विचारा, त्याला हमखास माहीत असते.

रानवाट (कोल्हापूर)

हत्तीचं खरं आहे. नवीन वस्तू दिसली की सोंडेने चाचपतो, ओढतो, कधी आपटतो. हत्तीच्या वाटेवर लावायचाच तर जाड झाडावर माणसाच्या हातापेक्षा बराच वर, खाली झुकवून, पण मग छोटी जनावरं नीट येत नाहीत. फणसाच्या दिवसात मी तर त्या वाटेवरून कॅमेरा काढूनच घेईन, आणि कार्ड बदलायला त्या दिवसांत संध्याकाळी किंवा पहाटे एकट्याने जाऊ नका, कॅमेरा गेला तर गेला.

सामाईक जमीन असेल तर सगळ्या हिस्सेदारांना विचारा. आणि वनखात्याच्या हद्दीत एक फूटसुद्धा आत लावू नका, गडगा तुमची हद्द आहे की खात्याची ते आधी मोजणीच्या नकाशावर बघा. अभयारण्य असो की राखीव जंगल, लेखी परवानगीशिवाय नाही. तुमच्या भागातल्या वनरक्षकाला कॅमेऱ्याबद्दल सांगून ठेवलेलं बरं, पुढे कामाला येतं.

फोटो शेअर करण्याबद्दल सांगायचं राहिलं. बऱ्याच कॅमेऱ्यांत खालच्या पट्टीवर कॅमेऱ्याचं नाव येतं, तिथे लोक हौसेने गावाचं आणि वाडीचं नाव घालतात. घालू नका, नुसतं अ-1, अ-2 ठेवा. खवले मांजर, बिबट्या, वाघ यांचा फोटो आला तर पट्टी कापून आणि किमान काही महिने थांबून टाका, आणि ओळखीची झाडं-दगड दिसत असतील तर टाकूच नका. खवल्याची चोरटी शिकार अजून चालते, आणि तुमचा ग्रुपवरचा फोटो शेवटी कुठे पोचतो ते तुमच्या हातात नाही.

आता शिकारीच्या मताबद्दल, कारण ते बाकीच्या दोन मतांसारखं सोडून देण्यासारखं नाही. ढासळलेला गडगा आणि तिथून एकच अरुंद वाट, ही फासकी (तारेचा फास) लावायला नेमकी हवी असलेली जागा आहे. रानडुकरासाठी म्हणून लावतात आणि त्यात बिबट्या, भेकर, गव्याचं वासरू काहीही अडकतं, सिंधुदुर्ग-रत्नागिरीत फासकीत अडकलेल्या बिबट्यांच्या बातम्या सारख्या येतात. आलेले सगळे फोटो परत एकदा फक्त यासाठी बघा, कमरेला किंवा पायाला तारेचा व्रण, लंगडणं, रात्री टॉर्च घेऊन जाणारा अनोळखी माणूस. माणसांचे फोटो पुसायचे हे बरोबरच, पण रात्री दोन वाजता तार घेऊन फिरणाऱ्याचा फोटो पुसायचा नाही, ग्रुपवरही टाकायचा नाही, तो थेट वनखात्याकडे द्यायचा. तार दिसली तर ओढायला जाऊ नका, विशेषतः जनावर अडकलेलं असेल तर लांब थांबा आणि 1926 ला फोन करा, वनखात्याची हेल्पलाइन आहे.

मोहफूल (चंद्रपूर)

रानवाट भाऊंना अनुमोदन. आमच्याकडे पण पाणवठ्याच्या वाटेवर तारा निघतात, वर वीजप्रवाह सोडण्याचा प्रकार वेगळाच. शेताच्या कडेने जाताना तारेला हात लावण्याआधी दहा वेळा विचार करा.

आणि वही ठेवताय तर त्यात कॅमेरा किती दिवस चालू होता आणि किती दिवस बंद पडला होता ते जरूर लिहा. बॅटरी संपून दहा दिवस कॅमेरा झोपला आणि आपण लिहिलं की या महिन्यात भेकर कमी, तर सगळंच चुकलं. कार्ड बदलायला गेलात की स्वतः समोरून चालत जा, एक फोटो येऊ द्या, म्हणजे त्या दिवशी तो चालू होता याचा पुरावा राहतो. तारीख-वेळ पण बघत जा, बॅटरी काढल्यावर काही कॅमेऱ्यांचं घड्याळ मागे जातं.

काजूरान (दोडामार्ग)

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. वाटेवरचा कॅमेरा तिथेच ठेवतोय, फक्त तोंड उत्तरेला फिरवतो आणि मागचा उघडा कातळ टाळतो. कोंडीचा विचार सोडला, बायकोला ताईंचं उत्तर वाचून दाखवलं. वरच्या जागेचं आमच्या गुराखीकाकांना विचारलं, ते म्हणाले गवे हल्ली धरणाच्या बाजूच्या ओलीत उतरतात, म्हणजे आमच्या बागेवरून जायची त्यांना या दिवसांत गरजच नाही. ते वनखात्याच्या हद्दीत येतं, तेव्हा तिथे कॅमेऱ्याचा प्रश्न नाही, पण निदान कळलं.

आता आधी गडग्याची वाट दोघातिघांनी दिवसाउजेडी नीट बघून येतो, तार आहे का ते. वनरक्षकांना आज फोन केलाय, त्यांना पण यायचंय बरोबर. काजू मेच्या दुसऱ्या आठवड्यात संपेल, भेकर सकाळचं परत कधी दिसायला लागतं ते इथेच लिहितो.

ताई, एक शेवटचं, ते इरलं पत्र्याचं केलं तर पावसाचा आवाज होऊन जनावर बिचकत नाही ना?

व्हाळकरीण (चिपळूण)

पत्र्यावर जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवा, आवाज येत नाही. पत्रा चकाकणारा नको, शेण-मातीचा हात फिरवा वरून. आणि मृगाच्या आधी महिनाभर तरी लावून ठेवा, म्हणजे जनावरांना त्याची सवय होते.